ठोकळ्यांतून खरीखुरी गाडी: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेगोच्या ठोकळ्यांतून मारुती, पद्मिनी, रेल्वेचे निळे डबे, वंदे भारत असं काही घरात उभं राहिलं की पाहुणे आधी हात लावतात आणि मग प्रश्न विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रम महत्त्वाचा नाही. रेल्वेवाल्यांनी थेट रुळांच्या प्रश्नावर उडी मारली तरी चालेल.

हा लहान पोरांचा खेळ नाही का ओ?

पोरांचाही आहे. पण पद्मिनीच्या मागच्या दिव्याचा कोन साधायला दोन रविवार घालवणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणजे खोक्यावरचं चित्र बघून जोडायचं, एवढंच ना?

तेही करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. कंपनीचे सेट जोडता जोडताच हात बसतो. फियाट ५०० चा सेट २०२० साली आला, त्यात ९६० पीस आहेत. त्याच वर्षी स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचा सेट आला, तो १,२७१ पिसांचा. असा एखादा सेट जोडताना टपाचा बाक कसा साधला, दार कशावर टेकलं, हे नीट पाहिलं तर पुस्तकातून कळणार नाही इतकं कळतं.

पण मारुती ८०० चा सेट कुठल्या दुकानात मिळायचा? रेल्वेचा निळा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा कोण देणार? आपल्या रस्त्यावरची आणि आपल्या स्टेशनातली गाडी हवी असेल तर ती आपणच आखावी लागते. या छंदातले लोक अशा स्वतः आखलेल्या मॉडेलला ‘मॉक’ म्हणतात. पुढची सगळी उत्तरं त्याबद्दल आहेत.

सुरुवात कुठून करायची? पीस आणायचे आणि जोडत सुटायचं?

नाही. आधी मापं, मग चाकं, मग कागद, आणि पीस सगळ्यात शेवटी. निम्म्या लोकांचं मॉडेल ‘काहीतरी चुकल्यासारखं’ दिसतं ते पीस कमी पडले म्हणून नव्हे. प्रमाण ठरवायच्या आधीच हात ठोकळ्यांच्या डब्यात गेलेला असतो.

ठोकळ्याची चार मापं पाठ करा. दोन स्टडमधलं, म्हणजे ठोकळ्यावरच्या दोन गोल उंचवट्यांमधलं, अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची स्टड सोडून ९.६ मिमी. पातळ प्लेटची उंची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. आणि स्टडचा व्यास ४.८ मिमी. आजच्या रूपातल्या ठोकळ्याचा पेटंट अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला दाखल झाला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. त्यामुळे एकदा पाठ केलेली मापं जन्मभर कामाला येतात.

आता मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधली तीस वर्षं सोलापुरात डॉक्टरपासून सूत व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ती चालवली. १९८६ नंतरच्या मॉडेलची लांबी ३,३३५ मिमी, रुंदी १,४४०, उंची १,४०५ आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,१७५. रुंदी ८ स्टड धरली, म्हणजे ६४ मिमी, तर प्रमाण येतं १:२२.५. त्या हिशेबानं लांबी साडेअठरा स्टड, उंची साडेसहा ठोकळे आणि चाकांमधलं अंतर जवळजवळ बरोब्बर १२ स्टड. हा शेवटचा आकडा पूर्णांकात आला की समजा, गाडी तुमच्यावर प्रसन्न आहे. चाकांची जागा चुकली तर बाकी कितीही कोरीव काम केलं तरी डोळ्याला ती मारुती वाटत नाही.

रुंदी ६ स्टड धरली तर? मॉडेल छोटं, स्वस्त आणि गोंडस होतं, पण दरवाजाची जाडी, काच, बंपर यांना जागाच उरत नाही. लेगोची ‘स्पीड चॅम्पियन्स’ मालिका २०१५ मध्ये ६ स्टड रुंदीवर सुरू झाली आणि २०२० मध्ये ८ वर गेली, ती याच कारणानं. नवख्यानं ८ वरच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

माझी मारुती ‘मॉडिफाय’ केल्यासारखी दिसते. का?

टायर बघा. खऱ्या गाडीचं टायर १४५/७० आर १२, म्हणजे बाहेरचा व्यास साधारण ५०८ मिमी. १:२२.५ ला तो २२.६ मिमी येतो आणि टायरची जाडी साडेसहा मिमीच्या आत. सहज मिळणारं लेगोचं टायर २४ मिमी व्यासाचं असतं, पण १४ मिमी रुंद. व्यास खपून जातो, रुंदी दुप्पट. मग गरीब बिचारी आठशे रेसला निघाल्यासारखी दिसणारच.

यावर दोन उपाय आहेत. एक, चाक आत सरकवून चाकाच्या कमानीखाली अर्धं लपवायचं, म्हणजे बाहेरून फक्त कड दिसते. दुसरा, कामच उलट्या बाजूनं सुरू करायचं. आधी हातात असलेलं टायर निवडायचं, त्याच्या व्यासावरून प्रमाण काढायचं आणि त्या प्रमाणात गाडी किती स्टडची होते ते पाहायचं. जुने जाणते बहुतेक असंच करतात. बाकी सगळं ठोकळ्यांतून घडवता येतं, टायर मात्र मिळेल तेच घ्यावं लागतं.

पहिली गाडी कुठली करावी?

मी प्रीमियर पद्मिनी सांगेन. थोडा अभिमानही आहे त्यात. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापुरातला. कारखाना मुंबईत कुर्ल्याला, मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली, तेव्हा आता ती मॉडेलातच बघायची.

अभिमान बाजूला ठेवला तरी ठोकळ्यांना ती सोयीची आहे. बाजू सरळ, बॉनेट चपटं, दिवे गोल (एकेका स्टडची गोल प्लेट लावली की काम झालं) आणि रंग काळा-पिवळा. हे दोन्ही रंग ठोकळ्यांत जवळपास प्रत्येक आकारात मिळतात. रुंदी १,४६० मिमी, ८ स्टडला प्रमाण १:२२.८, चाकांमधलं अंतर २,३४० मिमी म्हणजे १३ स्टडला किंचित कमी. मागचे हलके उठलेले पंख साधायला दोन छोटे उतरते पीस पुरतात.

अँबॅसडर मात्र दुसरी-तिसरी करा. तिच्या अंगावर सरळ रेषा शोधून सापडत नाही.

बाजूवर आडव्या रेषा, जाळी, नंबरप्लेट हे सगळं कसं बसवतात? स्टड तर वरच असतात.

इथे खरी मजा आहे. ठोकळा आडवा पाडायचा. बाजूला स्टड असलेले खास पीस मिळतात, कोन असलेल्या पट्ट्याही मिळतात. त्यांच्यावर प्लेट आणि गुळगुळीत टाइल बाहेरच्या दिशेनं तोंड करून बसतात. याला सगळे ‘स्नॉट’ (स्टड्स नॉट ऑन टॉप) म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं, नंतर तोच शब्द तोंडात बसतो.

गणित साधं आहे. पाच प्लेटची उंची १६ मिमी आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिमी. म्हणजे आडवे पाडलेले पाच प्लेट उभ्या दोन स्टडच्या खोबणीत फट न ठेवता बसतात. एवढं एक समीकरण हातात आलं की गाडीचं तोंड, दाराच्या रेषा, डब्याच्या खिडक्यांचा पट्टा सगळं सुटायला लागतं. कोनपट्टीची भिंत अर्ध्या प्लेटएवढी, १.६ मिमी जाड असते, तीही हिशेबात धरा. आणि अर्धा स्टड सरकवायचा असेल तर मधोमध एकच स्टड असलेली ‘जंपर’ प्लेट आहे. पद्मिनीचं बंपर अर्धा स्टड आत घेतलं की एकदम खरं वाटायला लागतं, करून पाहा.

कागदावर आखताना साधा चौकटीचा कागद घेऊ नका. एक प्लेट बाजूनं पाहिली तर ८ मिमी रुंद आणि ३.२ मिमी उंच, म्हणजे चौकट अडीचास एक हवी. आपल्याकडे जॅकार्ड चादरीचा नक्षीकार आलेखाच्या कागदावर एकेक घर भरून मोर काढतो, तसंच हे काम आहे. वक्ररेषा नसतेच, घरं कुठे भरायची आणि कुठे सोडायची एवढंच आपल्या हातात. ज्यांच्या घरी मागाचा धंदा आहे अशी पोरं हे फार पटकन पकडतात, हे मी पाहिलंय.

रेल्वेचं प्रमाण कसं धरायचं? रूळ तर ठरलेलेच आहेत.

हो, आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे. लेगोच्या रुळांमधलं आतलं अंतर सुमारे ३७.५ मिमी. युरोपातला रूळ १,४३५ मिमीचा, आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा. आपल्या रुळावरून प्रमाण काढलं तर १:४५ च्या आसपास येतं. आयसीएफ डबा ३,२४५ मिमी रुंद, म्हणजे १:४५ ला ९ स्टड.

नऊ हा विषम आकडा. मध्यरेषा स्टडवर येते, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि कपलिंग (दोन डबे जोडणारा आकडा) जोडताना सारखे जंपर घालावे लागतात. म्हणून बहुतेक लोक ८ स्टड रुंदी धरतात आणि १:५०.७ स्वीकारतात. तेव्हा डब्याच्या मानानं रूळ थोडे फाकलेले दिसतात. खऱ्या हिशेबानं ३३ मिमी हवे होते, आहेत ३७.५. पण युरोपातली गाडी ८ स्टडमध्ये करणाऱ्याचा फरक याहून मोठा पडतो. आपले रूळच मुळात रुंद, म्हणून आपली गाडी लेगोच्या रुळांवर त्यांच्यापेक्षा जास्त खरी दिसते. हा फायदा फुकट मिळालाय, घ्या.

चाकांचीही चिंता नाही. डब्याचं नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं, १:५० ला १८ मिमी. लेगोचं साधं रेल्वे चाक त्याच्या जवळपासच आहे.

सरळ रुळावर डबा छान दिसतो, वळणावर रुळांच्या बाहेर लोंबतो. काय करू?

आयसीएफ डब्याची लांबी २१,३३७ मिमी, दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर १४,७८३. आपल्या १:५०.७ ला डबा ४२१ मिमी होतो, म्हणजे साडेबावन्न स्टड, आणि बोगींमधलं अंतर २९२ मिमी. लेगोच्या साध्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, ३२० मिमी. सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं.

आता भूमिती मांडा. अशा वळणावर डब्याचा मध्य रुळाच्या मध्यरेषेपासून ३५ मिमी आत जातो आणि टोकं जवळपास तेवढीच बाहेर येतात. चार स्टडहून जास्त! शेजारी फलाट ठेवला असेल तर डबा तो पाडूनच पुढे जाणार. खऱ्या रेल्वेत ३२० मिमी म्हणजे जेमतेम १६ मीटर त्रिज्या झाली. तिथे डबाच काय, ट्रकसुद्धा विचार करून वळेल.

तीन वाटा आहेत. मोठ्या त्रिज्येचे रूळ इतर उत्पादक विकतात. १०४ स्टड त्रिज्येच्या वळणावर तोच डबा मध्यावर १३ मिमीच आत जातो, आणि ते डोळ्याला खुपत नाही. पण वर्तुळाचा व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास जातो. दिवाणखान्यातला सोफा हलवण्याची परवानगी आधी घ्या. दुसरी वाट डबा आखूड करण्याची. तिसरी सगळ्यात शहाणपणाची: वळण नकोच. सरळ रूळ, फलाट, मागे पाट्या, आणि गाडी उभी. सोलापूर स्टेशनात गाडी उभी असतानाच तर आपण ती नीट बघतो.

डबा आखूड केला तर तो खोटा नाही का दिसणार?

कुठून कापता यावर आहे. सगळीकडून सारखा आवळला तर बुटका दिसतो. दारं, शौचालयाची अरुंद खिडकी, बोगी, कपलिंग, म्हणजे टोकांकडचं सगळं प्रमाणात ठेवा आणि मधले कप्पे कमी करा. जुन्या स्लीपरमध्ये ७२ बर्थ, आठ-आठचे नऊ कप्पे. नवाचे सहा केले तर कुणी मोजत नाही. तीन केले तर लगेच मोजतात.

वंदे भारत अख्खी करता येईल का?

मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न पोरं सोडत नाहीत. सोळा डब्यांची गाडी ३८४ मीटर लांब. १:५०.७ ला साडेसात मीटर. तुमच्या घराच्या गच्चीवर मावेल, घरात नाही.

दोन तोंडं आणि मधे दोन डबे एवढं पुरे. सगळा जीव तोंडात ओता, कारण डबे नुसते पांढरे आणि निळा पट्टा, ते कुणालाही जमतात. तोंडाला वक्र उताराचे पीस लागतात आणि ते तीन दिशांना तोंड करून बसवावे लागतात: वरून, डावीकडून, उजवीकडून. आतला सांगाडा बाजूला स्टड असलेल्या ठोकळ्यांचा. आधी अर्धंच तोंड करा, आरशाला टेकवून बघा. पसंत पडलं तर उरलेलं अर्धं. ही युक्ती गाड्यांच्या बॉनेटलाही चालते.

बार्शी लाइट करायची आहे. माझे आजोबा कुर्डुवाडीला होते.

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शी गावापर्यंत. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि शेवटी १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ती कल्पना. रूळ ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. वजन सगळ्या आसांवर सारखं वाटायचं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त नाही, हे त्याचं सूत्र. म्हणून हलक्या रुळांवरही बऱ्यापैकी माल ओढता आला. सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, आठ चालक चाकं आणि मागे चार छोटी. आता ते मार्ग ब्रॉडगेज झाले, पण जिल्ह्यातल्या कित्येक घरांत तिच्या आठवणी आहेत.

मॉडेलसाठी दोन रस्ते, आणि दोन्ही वेगळ्या जगात नेतात.

पहिला: लेगोचा नेहमीचा ३७.५ मिमीचा रूळ हाच अडीच फुटी मानायचा. प्रमाण एकदम १:२० होतं. अरुंद रुळांवर डबा रुळांच्या अंतराच्या अडीच-तीन पट रुंद असतो, म्हणजे मॉडेल १२ ते १४ स्टड रुंद. हे मोठं आणि जड काम, पण दट्ट्या, दांडे, कोळशाची पेटी, ड्रायव्हरचा हात टेकायचा कठडा, सगळं दाखवता येतं. आठही चालक चाकांना कडा ठेवल्या तर इंजिन वळणावर अडकेल. मधल्या दोन जोड्यांना बिनकडेची चाकं लावा. अशी मोठी चाकं लेगो कडेची आणि बिनकडेची दोन्ही काढते, ती २००९ च्या ‘एमरल्ड नाइट’ या वाफेच्या इंजिनाच्या सेटमध्ये आली.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. ब्रॉडगेज १:४५ ला करा. त्याच प्रमाणात ७६२ मिमी म्हणजे १७ मिमी, दोन स्टडच्या इतकं जवळ की फरक दिसत नाही. उभ्या प्लेटच्या किंवा टाइलच्या कडांचे रूळ स्वतःच बनवायचे. आणि मग दोन्ही गेज एकाच पाटावर शेजारी शेजारी: इकडे मोठी मेल उभी, तिकडे छोटी गाडी, मधे फलाट, आणि एका वाघिणीतून दुसरीत पोती नेणारे हमाल. कुर्डुवाडीत गेज बदलत होतं म्हणून माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचा. ही सगळी गोष्ट एका फुटाच्या फलाटावर मावते. छोटी गाडी चालणार नाही, उभीच राहील. चालेल की.

मापं आणायची कुठून? स्टेशनात जाऊन मोजू का?

गाडीचं ठीक आहे, शेजाऱ्यांना सांगून मोजपट्टी लावा. रेल्वेचं नाही. परवानगीशिवाय रुळांत उतरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ती मूर्खपणाची गोष्ट आहे.

लांबी-रुंदीचे मुख्य आकडे छापील तांत्रिक माहितीत मिळतात. उदाहरणार्थ, डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन बफरसह २०,५६२ मिमी लांब. बारीक मापं फोटोवरून काढा. लांब उभं राहून, झूम करून, बरोब्बर समोरून फोटो घ्या, म्हणजे कडा तिरक्या होत नाहीत. फोटोत एक माहीत असलेलं माप शोधा, मग त्या पट्टीनं बाकी सगळं मोजा: खिडकी केवढी, दार केवढं, पट्टा कुठून सुरू होतो.

संगणकावर आधी करून बघता येतं का?

येतं आणि करावंच. ‘ब्रिकलिंक स्टुडिओ’ फुकट आहे. न बसणारे पीस एकमेकांत घुसले तर ते दाखवतं आणि शेवटी पिसांची यादी काढून देतं. जुनी ‘एलड्रॉ’ पद्धत जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केली, आजही बहुतेक आज्ञावल्या तिच्याच भाग-संग्रहावर उभ्या आहेत. एक सावधगिरी: पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं. तिथे तरंगणारं टप हातात आल्यावर पडतं.

पीस कुठे मिळतात? खर्च किती?

नवी पेठेत हिंडलात तर सेट मिळतील, सुटे पीस नाहीत. सुट्या पिसांसाठी ऑनलाइनच जावं लागतं. देशातले विक्रेते आधी बघा. परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि शुल्क मिळून पिसांपेक्षा जास्त होऊ शकतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. मागवण्याआधी तेव्हाचा दर तपासा. चौघांनी मिळून एकच मागणी नोंदवली तर टपालखर्च वाटला जातो.

खर्चाचा नेमका आकडा मी देत नाही, कारण तो रंगावर ठरतो. तोच पीस काळ्यात स्वस्त आणि गडद निळ्यात चौपट महाग असू शकतो. यादी काढल्यावर सगळ्यात महागडे दहा पीस शोधा आणि त्यांना पर्याय आखा. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

लहान मुलांसाठी दुकानातून काही घेत असाल तर खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

स्वस्तातले दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे चालतील?

आतल्या भरणीला बिनधास्त. बाहेरच्या अंगाला, चाकांच्या जवळ किंवा पूर्ण भार येतो तिथे जपून. पकड कमी-जास्त असते आणि पांढऱ्याच्या तीन छटा एकाच डब्यावर दिसल्या की चिडचिड होते.

निळ्या डब्याचा निळा कुठला घ्यायचा?

अंगाला ‘डार्क ब्लू’, खिडक्यांच्या पट्ट्याला ‘मीडियम ब्लू’. खऱ्याशी तंतोतंत नाही, पण उन्हात चार पावसाळे काढलेला डबा तरी कुठे तंतोतंत असतो. त्याआधीचे गेरव्या-तांबड्या रंगाचे डबे करायचे असतील तर जुने ‘डार्क रेड’ आणि ‘रेड्डिश ब्राऊन’ पीस टाळा, ते काढताना चटकन तडकतात. नव्या उत्पादनातले घ्या.

गाडी चालते का? लोडशेडिंगमध्ये?

आताच्या ‘पॉवर्ड अप’ यंत्रणेत सहा ट्रिपल-ए सेल एका डबीत बसतात, मोबाइलवरून वेग बदलता येतो. घरच्या विजेशी संबंधच नाही. १९९१ मध्ये आलेल्या ९ व्होल्टच्या जुन्या यंत्रणेत धातूच्या रुळांतून वीज जायची, ती आता जुन्या बाजारातच मिळते. चार्जिंगचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे नऊऐवजी सव्वासात व्होल्ट. गाडी थोडी संथ होते. चाकं जागच्या जागी फिरायला लागली तर सेलची डबी मोटरच्या बोगीवर आणा, वजन पडलं की पकड येते.

नंबरप्लेट आणि स्टेशनची पाटी?

स्टिकर छापून घ्या. एक बाय चार टाइलचा माथा ३२ बाय ८ मिमी, स्टिकर प्रत्येक बाजूनं अर्धा मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर कडा उचलतात. गाडीवर एमएच १३ घातल्याशिवाय आपल्या लोकांना समाधान नाही. मात्र पुढचा क्रमांक कुणाच्या खऱ्या गाडीचा नको. स्टेशनची पाटी पिवळी, अक्षरं काळी.

सोलापूरच्या उन्हानं काही होतं का?

उष्णतेपेक्षा थेट ऊन वाईट. अतिनील किरणांनी पांढरे आणि राखाडी पीस पिवळे पडतात, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडू नका. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या कारमध्ये मॉडेल विसरू नका, लांब सपाट पीस वाकतात.

धुताना पाणी ४० अंशांच्या आत हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच त्याहून गरम येतं, तेव्हा सकाळी धुवा किंवा रात्री भरून ठेवलेलं पाणी वापरा. साबण सौम्य, सुकवणं सावलीत. स्टिकर लावलेले आणि मोटरचे भाग पाण्यात घालायचेच नाहीत. रोजच्या धुळीला मऊ ब्रश पुरतो. माग चालणाऱ्या भागात राहत असाल तर हवेतला सुती तंतू प्रत्येक स्टडभोवती बसतो. तिथे काचेची पेटीच हवी.

डिंक लावता का?

नाही.

पीस ठेवायचे कसे? रंगानुसार?

आकारानुसार. काळ्यांच्या ढिगात काळा बारीक पीस शोधायला डोळे फुटतात; एकाच आकाराच्या ढिगात हवा तो रंग लगेच दिसतो. हार्डवेअरच्या दुकानातले खणांचे डबे घ्या.

पुण्याला प्रदर्शनात न्यायचं आहे. ‘हुतात्मा’ एक्सप्रेसनं नेता येईल?

येतं. मॉडेल आखतानाच ते तोडायचं कुठे हे ठरवा: टप वेगळं, बोगी वेगळ्या, फलाट फूटभर तुकड्यांत, जोडाच्या ठिकाणी चारच स्टडची पकड. प्रत्येक तुकडा जुन्या टॉवेलात गुंडाळा. सोलापुरात त्याचा तुटवडा नाही. खोकं मांडीवर घ्या, वरच्या रॅकवर नाही. पेंटोग्राफ आणि आरसे एका छोट्या डबीत, सोबत वीस-तीस सुटे पीस. तिथे पोचल्यावर एक टाइल हटकून कमी भरते.

ऑर्डरवर करून देता का?

नाही. पण पद्मिनीची पिसांची यादी हवी असेल तर देतो.